गळती फिक्स झाली काय?

परवा बेंगळूरहून लेकीचा मेसेज आला : "बाबा, गळती फिक्स झाली का?"

मी उत्तर टाकलं, "झाली. तीन पावसाळे फिक्सच आहे. देवघराच्या कोपऱ्यात, तांब्याच्या घागरीच्या बरोबर वर."

तिला वाटलं बाबा थट्टा करताहेत. पण थट्टा अर्धीच होती. आमच्या बेळगावच्या शहापुरात फिक्स म्हणजे ठरलेलं, पक्कं, आता हलायचं नाही असं. लग्न फिक्स झालं, भाव फिक्स आहे, रविवारी मटण फिक्स. त्या हिशेबानं गळती फिक्स झाली म्हणजे ती आता घरचीच झाली, रेशनकार्डावर नाव घालायला हरकत नाही.

लेक सॉफ्टवेअर तपासायच्या कामात आहे, त्यामुळं हा शब्द दिवसभर तिच्या तोंडात. बग फिक्स झाला, फिक्समुळं दुसरंच काहीतरी मोडलं. एकदा ती फोनवर म्हणाली, "काल फिक्स केलेलं फिक्स करायला आज रात्री थांबावं लागणार." ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. त्यांच्या टीममधल्या एका अमेरिकन बाईनं सांगितलं की आठवड्यापूर्वी कुत्र्याला फिक्स करून आणलं. लेकीनं काळजीनं विचारलं, काय झालं होतं त्याला? झालं काहीच नव्हतं. आपण बैलाला खच्ची करतो, तेच त्यांनी कुत्र्याला केलं होतं. दुरुस्त काय झालं हे कुत्र्यालाच विचारायला पाहिजे.

हा शब्द मला परका नाही. उलट माझी उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली. १९७७ साली सतराव्या वर्षी मी मामाच्या फोटो स्टुडिओत लागलो आणि २०११ ला शटर कायमचं ओढलं. चौतीस वर्षं रोज सकाळी पहिलं काम म्हणजे फिक्सर कालवणं.

ज्यांनी डार्करूम पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाल दिव्याच्या उजेडात तीन ट्रे. पहिल्यात डेव्हलपर : त्यात कोरा कागद टाकला की आधी केस दिसतात, मग भुवया, मग पदराची किनार. चौतीस वर्षांत हे बघायचा मला कंटाळा आला नाही. दुसऱ्यात पाणी. तिसऱ्यात फिक्सर. पहिल्या ट्रेमधून कागद काढून तसाच बाहेर उजेडात नेला तर थोड्या वेळात सगळा काळाठिक्कर पडतो, कारण उजेड न लागलेलं चांदीचं मीठ अजून कागदात जिवंत असतं. फिक्सर ते उरलेलं मीठ विरघळवून बाहेर काढतो. त्यानंतर फोटो बदलत नाही.

एवढंच त्याचं काम. फिक्सर फोटो सुधारत नाही. नवरदेवाचे डोळे मिटलेले असतील तर मिटलेलेच पक्के करतो.

सुधारायचं काम वेगळं, त्याला आम्ही रिटचिंग म्हणायचो. टोक काढलेली पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर बारीक बारीक ठिपके द्यायचे. देवीचे व्रण भरायचे, डोळ्याखालचं काळं उजळायचं. स्थळाला पाठवायच्या फोटोंवर तर मामा दोन-दोन तास बसायचा. मुलीचा बाप हळूच सांगायचा, "जरा बघा, काय करता येतंय का." फिक्स करा असं कुणी म्हटलं नाही. फिक्स व्हायचं ते पुढं, फोटो पसंत पडल्यावर.

फिक्सर म्हणजे मुख्यतः हायपो, साखरेच्या खड्यांसारखा दिसणारा. जॉन हर्शेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला १८१९ मध्येच कळलं होतं की हा पदार्थ चांदीची मिठं विरघळवतो. पुढं १८३९ ला फोटोग्राफी जगासमोर आली तेव्हा ती माहिती कामाला आली. त्याआधीची चांदीच्या मिठावरची चित्रं उजेडात फारशी टिकत नसत. तेव्हा ह्या रसायनाला हायपोसल्फाईट म्हणायचे, म्हणून हायपो. नंतर रसायनवाल्यांनी नाव दुरुस्त करून थायोसल्फेट केलं. धंद्यातल्या लोकांनी ऐकलं नाही, ते हायपोच म्हणत राहिले. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं आमच्या गावासकट बारा शहरांची इंग्रजी नावं बदलली, तेव्हा मला हायपोची आठवण झाली. माझ्या पाटीवरचं स्पेलिंग पेंटरनं बदललं असतं, पण तोवर पाटीच उतरली होती.

फिक्सशी आणखी एक नातं फॉर्मांमुळं. पासपोर्ट साईजसाठी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म, त्यावर चौकट, आणि चौकटीत 'अफिक्स फोटोग्राफ हिअर'. एका आजोबांनी विचारलं होतं, "हे अफिक्स म्हणजे कितीला पडतं?" त्यांना वाटलं होतं फोटोची ती महागडी जात आहे.

मेसेजनंतर मी वाचनालयात जाऊन जाड इंग्रजी कोश काढला. शब्द मूळचा लॅटिन. खोचणं, रोवणं, ठोकून बसवणं. आपण नजर खिळली म्हणतो, त्यातला खिळा आणि हा फिक्स एकाच पेटीतले. कॅम्पातल्या चर्चमध्ये क्रूसावरचा येशू असतो, त्याला क्रुसिफिक्स म्हणतात : क्रूसाला ठोकलेला. इंग्रजीतही आधी कित्येक शतकं अर्थ हाच, ठोकलेलं, स्थिर, ठरलेलं. मोडलेलं नीट करणं हा अर्थ बऱ्याच उशिरा, अठराव्या शतकात आला, आणि तो खरा फोफावला अमेरिकेत. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये तिकडं फिरायला गेला तेव्हा चक्रावलाच. बोटीवर टेबलं मांडतात ती फिक्स करतात, हमाल सामान फिक्स करतो, डॉक्टर आजाऱ्याला फिक्स करतो, आणि घरमालक कुठं आहेत विचारलं तर म्हणे ते स्वतःला फिक्स करताहेत. म्हणजे कपडे घालताहेत. इंग्रजालाच इंग्रजी कळेना, तिथं माझ्या गळतीचं काय घेऊन बसलात.

कोश मिटला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपण हा शब्द घेतला तो त्याच्या जुन्या अर्थानं. मुदत ठेवीला फिक्स डिपॉझिट म्हणालो, रोजच्या गिऱ्हाईकाला फिक्स गिऱ्हाईक म्हणालो, पण नळ फिक्स केला असं माझ्या पिढीत कुणी म्हणालं नाही. त्या कामाला घरात आधीच माणसं भरपूर होती. आईला विचारलं असतं तर तिनं प्रत्येकाला वेगळ्या नावानं हाक मारली असती. लुगडं रफू होतं, रफूच्या पलीकडं गेलं की त्याची वाकळ होते. हंड्याला डाग देतात. पितळेला कल्हई करतात. घर शाकारतात, भिंतीची डागडुजी होते, हाड बसवतात, जात्याला टाकी लावतात. सायकलचं पंक्चर तर आपण काढतो, पायातला काटा काढावा तसं. (सायकलचं नाव निघालं म्हणून सांगतो : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते आमच्याच गावात. पुढचे नांगर आणि पंप जगाला माहीत, पण सुरुवात सायकलीपासून झाली.)

बाकी राहिलं त्याला दुरुस्ती. तो शब्द फारसीतून आला. कानडीतही तोच गेला, तिथं तो दुरस्ती झाला. रस्ता खोदून ठेवल्यावर जो फलक लागतो त्यावर कानडी वाचता आलं नाही तरी हा शब्द कळतो. रिपेरी तर दोन्हीकडं सारखीच. माझ्या शेजारच्या घड्याळवाल्यांची घरातली भाषा कानडी, माझी मराठी. ते गिऱ्हाईकाला म्हणायचे, "सरि माडि कोडतेनरी," नीट करून देतो. गिऱ्हाईक विचारायचं, कधी? त्यावर ते मराठीत म्हणायचे, "गुरुवार फिक्स." गुरुवारी घड्याळ तयार असायचंच असं नाही, पण वार फिक्स असायचा. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आत येऊन म्हणाले, "मदुवी फिक्स आयतु." मी पेढा तोंडात टाकला. अनुवादाची गरज पडली नाही.

मग २००० साल आलं. एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कप्तान हॅन्सी क्रोनिए ह्याचं सट्टेवाल्या बुकीशी झालेलं बोलणं बाहेर काढलं आणि महिनाभर सगळ्या पेपरांत एकच शब्द, फिक्सिंग. माझ्या डार्करूमच्या दारामागं मोठ्या अक्षरांत 'फिक्सर' लिहिलेला कॅन. एक कॉलेजचा पोरगा आत डोकावून म्हणाला, "काका, तुमीबी काय?" तेव्हापासून मी त्या कॅनवर मराठीत 'हायपो' लिहिलं. हसण्यावारी नेलं, पण वाईट वाटलं. जो फिक्सर फोटो खोटा होऊ देत नाही, त्याचं नाव खोटं करणाऱ्याला लागलं. आपल्या सुपारीचंही असंच झालं. लग्नाची सुपारी फुटायची, आता माणसाची देतात.

आणि आमच्या भागात जी गोष्ट अजून फिक्स नाही ती तर सगळ्यांना माहीत आहे : सीमाप्रश्न, बेळगाव कर्नाटकात की महाराष्ट्रात. १ नोव्हेंबर १९५६ ला डेव्हलपरमधून निघाली, १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. ह्यावर बोलायचं तर बोगारवेशीत चहाचा दुसरा कप लागतो. आज नको.

आज ज्या कारणानं लिहायला बसलो ते वेगळंच आहे. मेसेज आला त्याच आठवड्यात येळ्ळूरचा एक पोरगा पत्ता विचारत घरी आला. उद्यमबागेत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनवर, काम करतो. रेनकोटच्या आत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पेपर, पेपरात फोटो.

"काका, ह्यो फोटो फिक्स करून मिळंल काय? आज्जीच्या लग्नातला हाय."

मी म्हटलं, "फिक्स म्हणजे काय रे तुझ्या भाषेत?"

तो हसला. "आमच्यात फिक्चर असतंय की. जॉब त्येच्यात घट्ट धरायचा, हालला की कटिंग बिघडतंय. खरं हितं म्हणजे नीट करायचं."

नव्या पिढीचा म्हणून सोडून देणार होतो, पण पोराला दोन्ही अर्थ माहीत होते.

फोटो बघितला. नवरा-नवरी, मुंडावळ्या, मागं आमचाच तो पडदा, ज्यावर मामानं हंपीचे खांब रंगवून घेतले होते. कडा पिवळ्या, नवरीच्या हिरव्या चुड्याच्या जागी तपकिरी ढग. नवऱ्याचे डोळे फ्लॅशनं मिटलेले. मागं वळवला तर आमचा रबरी शिक्का, खाली नंबर आणि 'मे १९८३'. अक्षर माझं.

त्या मे महिन्याचं मला सगळं आठवतं. एका आठवड्यात नऊ लग्नं. मामा कागद आणायला कोल्हापूरला गेलेला आणि दुकान पहिल्यांदाच माझ्या एकट्यावर. मागच्या आडाला पाणी कमी, बादली खरवडून वर यायची. हायपोचा तोच ट्रे मी दोन दिवस वापरला. तो दमला की कागदातलं मीठ पुरतं निघत नाही, हे मला माहीत होतं. फिक्सरमधून काढल्यावर तो जाड कागद वाहत्या पाण्यात तासभर तरी धुवायचा असतो, नाहीतर हायपोच आत राहतो आणि वर्षानुवर्षं चांदीला खात बसतो. तेही माहीत होतं. मी दोन बादल्यांत खळबळले आणि दोरीवर टाकले. तेव्हा सगळे फोटो पांढरेशुभ्र दिसले. वऱ्हाडानं पैसे दिले, वर नारळ दिला.

म्हणजे फोटो आज फिक्स करायला आला, कारण त्या दिवशी मी तो फिक्स केला नव्हता. हे मी पोराला लगेच सांगितलं नाही. आधी चहा दिला.

"मोबाईलवर करून बघितलो काका," तो म्हणाला, "खरं आज्जी नको म्हणती."

त्यानं दाखवलं. ॲपनं पिवळेपणा एका झटक्यात काढला होता. आज्जी गोरी झाली होती, गाल आजच्या क्रीमच्या जाहिरातीतले. नथीतले मोती गेले, त्या जागी एक गोल रिंग. आणि आजोबांचे डोळे उघडे होते. टपोरे, कुणाचे तरी.

"आज्जी काय म्हणाली?"

"म्हणाली, हे कोण? ह्येंचं डोळं त्या दिवशी मिटल्यालंच हुतं."

आजोबा जाऊन चार वर्षं झाली म्हणे.

मी मामाच्या पेन्सिलीचा विचार करत होतो. आम्हीसुद्धा चेहरे खोटे केलेच की. फरक म्हणाल तर आम्ही माणसाला समोर बसवून, त्याला विचारून, ठिपक्या ठिपक्यानं खोटं करायचो, आणि व्रण भरताना तो कुठं होता हे आम्हाला पाठ असायचं. त्या ॲपला ही आज्जी कधी भेटलेली नाही. पण फार टेचात बोलण्यात अर्थ नाही, कारण फोटो माझ्यामुळं खराब झाला होता, ॲपमुळं नाही.

"आठ दिवसांनी ये," म्हटलं.

पहिल्यांदा भाच्याकडून फोटो स्कॅन करून घेतला, हातून काही वाईट झालं तर निदान तेवढं राहावं म्हणून. मग हायपो शोधायला निघालो. फोटोचं सामान विकणारी जुनी दुकानं आता मोबाईलची कव्हरं विकतात. एकानं तर हायपो हे कुठल्या कंपनीचं मॉडेल विचारलं. शेवटी मिळाला तो शोभेचे मासे विकणाऱ्याकडं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला मासेवाले हाच हायपो टाकतात. त्यानं विचारलं, "टाकी किती लिटरची?" मी म्हटलं, "टाकी नाही. दोनच मासे आहेत, चाळीस वर्षांपूर्वीचे." तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला.

लिटरभर पाण्यात पाव किलो. खडे विरघळायला लागले की पाणी बर्फासारखं गार होतं, हे मी विसरलो होतो. बोटांना मात्र आठवत होतं. फोटो आधी साध्या पाण्यात भिजवला, कारण जुना कागद, पापुद्रा सुटायची भीती. मग दहा मिनिटं हायपोत. ट्रे एका कोपऱ्याला उचलायचा, सोडायचा, उचलायचा, सोडायचा. ही दारातून बघत होती. म्हणाली, "पोराला पाळण्यात घातल्यासारखं काय हलवालाय?"

राहिलं धुणं. नळाला पाणी यायचा तो दिवस नव्हता. पण जुलै होता, आणि बेळगावच्या जुलैत पाण्याला काय तोटा. परसात वळचणीखाली पत्र्याची पन्हळ लावली, तोंडाला फडकं बांधलं आणि खाली ट्रे ठेवला. पाणी एका बाजूनं येत होतं, दुसऱ्या बाजूनं सांडत होतं. त्या मे महिन्यात जे मिळालं नाही ते पाणी. तासभर म्हणून बसलो होतो, दोन तास बसलो. घरात देवघराच्या घागरीत टपटप चालूच होती.

चांदीचं जे एकदा गंजलं ते परत येत नाही. ढग होते तिथंच आहेत, पिवळा रंगही आहे. फक्त आता वाढणार नाही. पावसाळी हवेत फोटो वाळायलाच अडीच दिवस लागले.

आठव्या दिवशी पोरगा आला. फोटो हातात घेऊन खिडकीशी गेला, तिरका धरून बघितला.

"फिक्स झाला काय काका?"

"झाला."

"पिवळं तसंच हाय की."

"पिवळ्यासकट झाला," म्हटलं, आणि त्या मे महिन्याची गोष्ट सांगितली. दोन बादल्यांसकट सगळी. तो काही बोलला नाही. फोटो पेपरात, पेपर पिशवीत, पिशवी रेनकोटच्या आत गेली. दारात थांबून त्यानं पाकीट काढलं.

"किती झालं?"

"पैसे मी १९८३ लाच घेतलेत," म्हटलं. "नारळसुद्धा."